‘रुग्णाशी नातं’ या रकान्यात काय लिहायचं?

एकटीने राहायला लागलं की लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. जेवणाचं काय करतेस, भीती नाही वाटत का, कंटाळा नाही येत? जेवणाचं जमतं, भीतीची सवय होते आणि कंटाळा भरल्या घरातही येतो. माझं अडलं ते फॉर्मवर.

जानेवारीत पित्ताशयातल्या खड्यांसाठी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया ठरली, दोन रात्रींचा मुक्काम. भरतीच्या फॉर्मवर तीन रकाने होते: सोबतच्या व्यक्तीचं नाव, मोबाइल, रुग्णाशी नातं. मी मैत्रिणीचं नाव लिहिलं आणि नात्यापुढे ‘मैत्रीण’. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म परत सरकवला. “मॅडम, घरचं कुणी?” वय चोपन्न, लग्न नाही, आई दोन वर्षांपूर्वी गेली, भाऊ साताऱ्याला. एवढं सगळं त्या दोन इंचांच्या चौकटीत कुठून मावणार?

तेव्हापासून ऑगस्टपर्यंत हेच एक काम चालू होतं: बँक, सोसायटी, पीएफ, दवाखाना, जिथे जिथे हा रकाना आहे तो शोधायचा आणि तिथे कुणाचं तरी नाव पक्कं करायचं. तुमची पायपीट थोडी वाचावी म्हणून ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने लिहिते.

आधी रुग्णालयाचंच. शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाची संमती त्याची स्वतःची असते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समीरा कोहली प्रकरणात हे स्वच्छ सांगितलं आहे. त्या खटल्यात तर आईची संमती घेऊन डॉक्टरांनी केलेली जादा शस्त्रक्रिया बेकायदा ठरली. जीव वाचवण्याच्या तातडीच्या उपचारांनाही नातेवाइकाच्या सहीसाठी थांबायचं नसतं. मग ‘घरचं कुणी’ कशाला हवं असतं? वॉर्डच्या सिस्टरनी समजावलं तेव्हा कळलं की त्यांना चार वेगळी माणसं हवी असतात आणि ती सगळी एकाच नातेवाइकात मिळतात असं त्यांनी धरलेलं असतं. औषधं आणायला धावणारा, पैसे भरणारा, रात्री शेजारी बसणारा आणि घरी नेणारा.

ही चार कामं सुटी केली की वाट निघते. पैशांसाठी विम्याचा कॅशलेसचा अर्ज भरतीच्या चार दिवस आधी टाकला, म्हणजे ऐनवेळी टीपीएच्या (विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीच्या) खिडकीपाशी कुणाला उभं राहावं लागलं नाही. रात्रीसाठी रुग्णाजवळ बसणारी माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोकडून बाई घेतली, बारा तासांचे हजार रुपये. ब्यूरोची माणसं आदल्या दिवशी सांगून मिळत नाहीत, निदान तीन दिवस आधी बोलून ठेवा आणि येणाऱ्या बाईच्या आधारची प्रत मागून घ्या. औषधांसाठी रुग्णालयाच्याच मेडिकलमध्ये खातं उघडून देतात का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी देतात, फक्त आपणहून सांगत नाहीत. घरी नेणारा मात्र खरोखरच लागतो. पूर्ण भूल दिल्यावर पहिले चोवीस तास कुणीतरी सोबत असावं, ही वैद्यकीय गरज आहे. तिथे हुज्जत घालू नका. मैत्रीण दोन दिवस राहायला आली आणि फॉर्मवर तिचं नाव, नात्यापुढे ‘मैत्रीण’, असंच शेवटी राहिलं.

टाके सुकेपर्यंत घरी पडून होते, तेव्हा एका फुलस्केप कागदावर यादी केली. बँकेची दोन खाती, पाच एफडी, लॉकर, पीएफ, म्युच्युअल फंड, दोन विमे, फ्लॅट, गॅस, वीज. प्रत्येकापुढे नॉमिनी कोण ते लिहीत गेले. सात ठिकाणी आईचं नाव निघालं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या मृत्यूच्या दाखल्याच्या पंचवीस प्रती काढून मी तिची सगळी कामं उरकली होती, पण माझ्या कागदांवर ती अजून होतीच. तो कागद बाजूला ठेवून दिला, पुढचे दोन दिवस उघडलाच नाही.

फेब्रुवारीत बँक. हे काम सगळ्यात सोपं, म्हणून यापासूनच सुरुवात करा. नामनिर्देशनाचा फॉर्म एका पानाचा असतो. सही करत असाल तर साक्षीदार लागत नाहीत, अंगठा असेल तर दोन लागतात. घोटाळा होतो तो एफडीत. बचत खात्याला नॉमिनी लावला म्हणजे एफडीलाही लागला असं आपण धरून चालतो. तसं नसतं, प्रत्येक ठेवीचं नामनिर्देशन स्वतंत्र असतं. माझ्या पाचांपैकी दोन एफडींना कुणीच नव्हतं, ऑनलाइन काढताना तो रकाना मी सोडून दिला होता. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात. ठेवींसाठी एकाच वेळी टक्केवारी वाटून किंवा एकामागून एक. लॉकरसाठी मात्र फक्त एकामागून एक. एकट्या माणसाला ही क्रमवारी फार उपयोगी. भाची पहिली, मैत्रीण दुसरी असं लावलं की पहिलीचं काही बरंवाईट झालं तरी रकाना रिकामा पडत नाही. फॉर्म दिला की पोच घ्या आणि पासबुकावर, एफडीच्या पावतीवर नॉमिनीचं नाव छापून मागा. नाही तर मागे राहिलेल्यांना ठेव आहे हेच कळत नाही. दहा वर्षं कुणी हात लावला नाही की ते पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. वारसांना ते परत मागता येतात, पण त्यासाठी आधी माहीत तर हवं. (आपल्या माणसांची अशी विसरलेली खाती ‘उद्गम’ या रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर शोधता येतात. आईचं एक निघालं.)

साधारणपणे नॉमिनी मालक होत नाही, तो पैसे घेऊन खऱ्या वारसांना पोचवणारा विश्वस्त असतो. शेअर्सच्या बाबतीतही हेच, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये साळगावकर कुटुंबाच्या खटल्यात नक्की केलं. म्हणजे नुसते नॉमिनी लावून भागत नाही, मृत्युपत्र लागतंच. त्याकडे येते.

पीएफचं ई-नामांकन घरबसल्या होतं, पण त्यात एक मेख आहे. पीएफच्या नियमांत ‘कुटुंब’ म्हणजे नवरा किंवा बायको, मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील. कुटुंब असेल तर त्याबाहेरचं नाव चालत नाही. कुटुंबच नसेल तर कुणाचंही चालतं, भावंडांचंही. पण पुढे लग्न केलं तर आधीचं नामांकन आपोआप रद्द होतं. ज्यांचे आईवडील आपल्यावर अवलंबून आहेत त्यांनी हे आधी वाचून घ्यावं. माझा अर्ज एकदा परत आला, कारण भाचीचा फोटो त्यांना हव्या त्या आकारात नव्हता. दुसऱ्यांदा बसला.

मार्चमध्ये वकिलांकडे गेले. मी मनाशी ठरवूनच गेले होते: भाचीच्या नावाने कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) करायचं, म्हणजे मी आजारी पडले तर ती सगळं बघेल. ओळखीतल्या निम्म्या एकट्या माणसांनी हेच केलंय. वकिलांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “आजारी म्हणजे किती आजारी?”

करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी ठिकाणावर राहिली नाही की मुखत्यारी संपते. पाय मोडला, परदेशी गेलो, बँकेत जाववत नाही, अशा वेळी ते उपयोगी. पण पक्षाघात होऊन बोलणं-समजणं गेलं, स्मृतिभ्रंश झाला, कोमात गेलो, म्हणजे ज्या दिवसासाठी आपण ते करून ठेवतो नेमका तो दिवस उजाडला की तो कागद गळून पडतो. काही देशांत अशा वेळीही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं, आपल्याकडे ती सोय नाही. कोमातल्या माणसाच्या नातेवाइकांना उच्च न्यायालयात जाऊन पालक म्हणून नेमणूक करून घ्यावी लागते. त्यात महिने जातात आणि तोवर रुग्णालयाचं बिल कुणी भरायचं हा प्रश्न राहतोच.

यावर वकिलांनी सुचवलेला उपाय साधा होता. भाचीबरोबर एक संयुक्त बचत खातं, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या अटीवर. त्यात सहा महिन्यांचा घरखर्च आणि विम्याच्या बाहेर जाईल असं एका आजारपणाचं बिल भागेल इतकी रक्कम. एटीएम कार्ड तिच्याकडे. धोका उघड आहे, ती उद्या सगळे पैसे काढू शकते. म्हणूनच सगळे पैसे तिथे ठेवायचे नाहीत. आणि ही रक्कम एफडीत अडकवू नका. याच अटीवरची संयुक्त एफडी मुदतीआधी मोडायची तर साधारणपणे दोघांच्याही सह्या लागतात, आणि आपण तर बेशुद्ध असणार. “आत्या, मला हे नको वाटतं,” असं भाची पहिल्यांदा म्हणाली. तिला पैशांची जबाबदारी नको नव्हती, विषय नको होता. तिला आठवडाभर वेळ दिला. अशा गोष्टी फोनवर सांगू नका, समोर बसून, कागद दाखवून सांगा.

मृत्युपत्राला एप्रिल आणि मे गेला. कायद्याने त्याला साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्तीही नाही. आपली सही आणि ती होताना पाहिलेल्या किमान दोन साक्षीदारांच्या सह्या, एवढं पुरे. तरीही एकट्या माणसाने नोंदणी करावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण आपल्या मागे ‘हो, हे तिचंच अक्षर’ असं सांगायला घरात कुणी नसतं.

मृत्युपत्र नसेल तर काय होतं? हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ मध्ये बाईच्या वारसांचा क्रम आहे: आधी मुलं आणि नवरा, मग नवऱ्याचे वारस, त्यानंतर आईवडील, पुढे वडिलांचे वारस. माझं लग्न झालेलं नाही आणि आईवडील हयात नाहीत, तेव्हा सगळं भावाकडे जाईल. पण मूलबाळ नसलेल्या विधवेने स्वतःच्या पगारातून घेतलेलं घर या क्रमाने तिच्या आईला डावलून नवऱ्याच्या वारसांकडे जातं. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये एका अशाच बाईच्या बाबतीत हा निकाल दिला; सासरने तिला हाकलून दिलं होतं, माहेरच्या आधाराने ती शिकली, कमावती झाली, तरी कायद्याचा शब्द तोच. आईवडिलांकडून वारशाने आलेल्या मालमत्तेला वेगळा नियम आहे, ती अशा वेळी वडिलांच्या वारसांकडे परत जाते. विधवा, परित्यक्ता, निपुत्रिक मैत्रिणींनो, हा परिच्छेद दोनदा वाचा आणि दुसरं काही करणार नसलात तरी मृत्युपत्र तेवढं करा.

साक्षीदार निवडताना मी चुकत होते. दोन समवयस्क मैत्रिणी ठरवल्या होत्या. वकील म्हणाले, तुमच्यापेक्षा लहान शोधा. वाद झालाच तर मृत्युपत्र शाबीत करायला दोनांपैकी एका तरी साक्षीदाराला कोर्टात उभं राहावं लागतं. तेव्हा तो हयात हवा, गावात हवा आणि धडधाकट हवा. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. मग सोसायटीतला चाळिशीचा एक शिक्षक आणि ऑफिसातली सहकारी, असे दोघे घेतले. फॅमिली डॉक्टरांकडून ‘शारीरिक आणि मानसिकदृष्ट्या सक्षम’ असा दाखला त्याच दिवसाच्या तारखेचा घेतला. तारीख जुळणं महत्त्वाचं.

मसुद्यात अडखळले ते एका ओळीवर. चौदा वर्षं घरकाम करणाऱ्या शालनमावशींना एक रक्कम ठेवायची होती. वकिलांनी आधारवरचं नाव मागितलं. आधारवर त्या शालन नव्हत्याच. सासरचं नाव वेगळं, आडनावाचं स्पेलिंग बँकेत वेगळं, जन्मतारीख १ जानेवारी. शेवटी “अमुक ऊर्फ शालन, माझ्याकडे घरकामास असलेल्या” असं लिहून आधारचे शेवटचे चार आकडे घातले. नाव, ऊर्फ, पत्ता, ओळखीची खूण असं जितकं लिहाल तितकं थोडं. फ्लॅटचंही तसंच: ‘माझं राहतं घर’ पुरत नाही, सिटी सर्व्हे क्रमांक, इमारत, मजला, क्षेत्रफळ आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक घाला. शेवटी एक कलम हवंच, “वर उल्लेख न आलेली व यापुढे मिळणारी सर्व मिळकत” कुणाकडे जाईल ते. ते राहिलं की नंतर काढलेली एखादी एफडी अधांतरी लोंबकळते. आणि व्यवस्थापक, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, नेमून ठेवा. त्याला आधी विचारा, बारशाला बोलावल्यासारखं नंतर कळवू नका.

नोंदणीला जायच्या आधी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर माहिती भरून अकरा आकडी क्रमांक मिळवायचा, तो लिहून न्यायचा. दुय्यम निबंधक कार्यालयात दोन्ही साक्षीदार मूळ ओळखपत्रांसह हजर लागतात. फोटो, अंगठा, सही. नोंदणी फी १०० रुपये आणि हाताळणी शुल्क पानामागे ४० रुपये. आम्ही सकाळी अकराला गेलो, सर्व्हर बंद होता, तीन वाजता नंबर लागला. साक्षीदारांची अर्धी रजा गेली, त्यांच्या जेवणाचं माझ्याकडे. मंगळवार-बुधवार गाठा, अमावास्येच्या आसपास गर्दी कमी असते असं तिथल्याच एका एजंटाने सांगितलं. खरेदीखतं त्या दिवशी कुणी करत नाही म्हणे. चालता न येणाऱ्यांसाठी अधिकारी घरी येण्याची सोय कायद्यात आहे, त्यासाठी अर्ज आणि वेगळं शुल्क. नोंदवलेल्या मृत्युपत्राची प्रत आपल्या हयातीत दुसऱ्या कुणाला मिळत नाही, तेव्हा चारचौघांत बोभाटा होईल ही भीती नको. वकिलांची फी आठ हजार झाली.

मूळ प्रत लॉकरमध्ये ठेवण्याची चूक करू नका. लॉकर उघडायला मृत्यूचा दाखला आणि बँकेचे सोपस्कार लागतात, आणि कोण काय करणार हे ठरवणारा कागद त्या लॉकरच्या आतच कुलूपबंद! माझी मूळ प्रत व्यवस्थापकाकडे आहे, झेरॉक्स घरातल्या एका लाल फायलीत.

सोसायटीचं नामनिर्देशन याच काळात चालू होतं. आदर्श उपविधींना (सोसायट्यांच्या कारभाराच्या नमुना नियमांना) जोडलेला नमुना तीन प्रतींत, दोन साक्षीदारांसह भरून सचिवांना द्यायचा. तो समितीच्या सभेपुढे जाऊन नोंदवहीत चढतो आणि एक प्रत आपल्याला परत येते. पहिल्यांदा शुल्क नाही, बदल केला तर १०० रुपये. आमच्या समितीची सभा दोनदा गणपूर्तीअभावी पुढे गेली, म्हणून प्रत हाती यायला अडीच महिने लागले. एका सदस्याने “भाऊ असताना भाची कशी?” असंही विचारलं. हा प्रश्न विचारण्याचा अधिकार समितीला नाही. पण तो येणार हे धरून चाला आणि “वकिलांनी सांगितलं” एवढंच म्हणा, वाद तिथेच थांबतो.

भाड्याने राहणाऱ्यांचं दुखणं याहून मोठं. ‘फॅमिलीच पाहिजे’ ही पाटी एकट्या पुरुषालाही नडते, एकट्या बाईलाही. आदर्श उपविधींनुसार फ्लॅट भाड्याने द्यायला मालकाला सोसायटीची परवानगी लागत नाही, नोंदवलेल्या कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत लावून आधी कळवायचं असतं. मालक राजी असेल तर हे त्याला दाखवा. मालकच राजी नसेल तर कायदा काही करत नाही, दुसरं घर बघावं लागतं.

जून-जुलैमध्ये वैद्यकीय इच्छापत्र केलं, ज्याला सगळे ‘लिव्हिंग विल’ म्हणतात: आपण सांगायच्या स्थितीत नसू तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला त्याला मान्यता दिली, पण पद्धत इतकी किचकट होती की ते कागदावरच राहिलं. दंडाधिकाऱ्यांसमोर सही करावी लागे. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत.

बरेच जण घाबरतात की असा कागद केला की रुग्णालय उपचारच करणार नाही. तसं नाही. आपण स्वतः निर्णय घेऊ शकतो तोवर तो कागद झोपलेला असतो. बरं होण्याची आशा नाही असा आजार, आपण निर्णय घेऊ शकत नाही, आणि उपचार करणारे डॉक्टर व किमान पाच वर्षांच्या अनुभवाचे आणखी दोन तज्ज्ञ असं प्राथमिक मंडळ, त्यावर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला डॉक्टर असलेलं दुसरं मंडळ, या दोघांनी मान्य केलं तरच यंत्रं काढता येतात. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावं अशी अपेक्षा आहे.

मसुद्यात ‘मला यातना नकोत’ असं मोघम लिहू नका. व्हेंटिलेटर, छाती दाबून हृदय सुरू करणं, डायलिसिस, नळीने अन्न, या प्रत्येकाबद्दल वेगळं वाक्य लिहा. वेदनाशामक आणि स्वच्छतेची शुश्रूषा शेवटपर्यंत चालू ठेवावी हे आवर्जून लिहा. निर्णय सांगणारी माणसं एकाहून जास्त नेमता येतात, मी भाची आणि मैत्रीण दोघींची नावं क्रमाने घातली. त्या दोघींना आणि फॅमिली डॉक्टरांना प्रत द्यायची. नोटरीने ५०० रुपयांचा मुद्रांक मागितला. न्यायालयाच्या निकालात मुद्रांकाची अट नाही, पण मी तिथे वाद घालत बसले नाही. नोटरीच्या फीसह अकराशे रुपये.

एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे अभिरक्षकाकडे, द्यायची असते. मी तीन खेपा घातल्या. पहिल्या टेबलावर जन्म-मृत्यू नोंदणीकडे पाठवलं, तिथून विधी खात्याकडे, तिथून परत आरोग्य खात्याकडे. “अजून मेला नाहीत ना, मग कशाला?” असं एकाने हसत विचारलं, त्यात वाईट हेतू नव्हता. चौथ्या वेळी निकालाच्या संबंधित पानांची प्रत आणि साधा अर्ज बरोबर नेला आणि आवक खिडकीवर देऊन तारखेचा शिक्का मारून घेतला. तुम्ही हेच आधी करा. टेबलं हुडकण्यापेक्षा आवक क्रमांक मिळवा, कागद आपोआप योग्य टेबलाकडे सरकतो. पाच आठवड्यांनी फोन आला, प्रत जमा झाल्याचा.

आता दाराच्या कडीचं. किल्ली शेजारच्या काकूंकडे होती आणि मी निर्धास्त होते. एका रविवारी फोन सायलेंटवर राहिला, मैत्रिणीला रोज सकाळी नऊला करते तो खुशालीचा मेसेज गेला नाही, दहाला मैत्रिणीने काकूंना कळवलं आणि काकू किल्ली घेऊन आल्या. दार उघडेना, कारण आतून कडी! मी आंघोळीला होते, तिथेही कडी. मी घाबरून ओले केस घेऊन बाहेर आले तेव्हा वॉचमन पहार आणायला निघाला होता. दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावला. आता मुख्य दाराला बाहेरून किल्लीने उघडणारं लॅच आहे आणि आतली कडी काढून टाकली आहे. सेफ्टी डोअरचंही तसंच. न्हाणीघराला बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी खिट्टी बसवली. सगळं मिळून २,६०० रुपये. फोन न्हाणीघरात नेते, कमरेच्या उंचीवर ठेवण्यापेक्षा जमिनीलगतच्या स्टुलावर, कारण पडल्यावर हात तिथवरच पोचतो. रोज नऊला एक शब्द, दहापर्यंत नाही आला तर फोन, साडेदहाला काकू. हा क्रम लिहून तिघींकडे आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आणि तातडीसाठी ११२ हे आकडे फ्रिजवर मोठ्या अक्षरात.

हे दाराचं प्रकरण नंतरच्या कागदांशीही जोडलेलं आहे. घरी मृत्यू झाला तर अंत्यसंस्कारासाठी डॉक्टरांचा मृत्यूचं कारण सांगणारा दाखला लागतो आणि तो उपचार करत असलेला डॉक्टरच देऊ शकतो. एकटा माणूस दोन दिवसांनी सापडला आणि त्याला पाहणारा डॉक्टरच नसेल तर पोलीस, पंचनामा, शवविच्छेदन हे सगळं ओघाने येतं. म्हणून दुखत नसलं तरी दर तीन-चार महिन्यांनी एकाच डॉक्टरांकडे जा, त्यांच्याकडे आपली नोंद राहू द्या. नेत्रदान साधारण सहा तासांच्या आत व्हावं लागतं. देहदान शवविच्छेदन झालं की होत नाही. मीही देहदानाचा फॉर्म आणला आहे, पण असे फॉर्म भरून ठेवलेल्या कितीतरी एकट्यांची इच्छा वेळेत कुणाला न कळल्यामुळे तशीच राहते. वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात फॉर्म देणाऱ्या ताईंनी हे सांगितलं तेव्हा मला त्या नऊच्या मेसेजचं महत्त्व नव्याने कळलं.

त्या देहदानाच्या फॉर्मवर माझ्यापुरतं एक काम अजून बाकी आहे. जवळच्या नातेवाइकाची सही. इथे मात्र ‘मैत्रीण’ चालली नाही, आणि ते रास्तही आहे, कारण ऐनवेळी घरच्यांनी नाही म्हटलं तर महाविद्यालय देह घेत नाही. फॉर्म साताऱ्याला पाठवून सहा आठवडे झाले. दादाने तो देवघरातल्या फडताळात ठेवलाय, असं वहिनी म्हणाली. गणपतीला जाईन तेव्हा पेन घेऊनच जाणार आहे.